'बरंय' म्हणणाऱ्या पेशंटचं काय करायचं?

समुपदेशकाच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय, कसा गेला आठवडा?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं. "बरा गेला." रोज पहाटे तीनला जाग येत असली, डबा अर्धा परत येत असला, घरात कुणाशी धड चार वाक्यं झालेली नसली, तरी तोंडातून निघतं ते "बरंय." काही वर्षांपूर्वी मी एका मॅडमकडे जायचो, तेव्हा ओळीने नऊ आठवडे मी हेच सांगितलं. फसवायचं नव्हतं. मॅडम भल्या होत्या, मन लावून ऐकायच्या, माझ्या तोंडावर ऊन यायला लागलं की उठून पडदा सारायच्या. एवढं करणाऱ्या बाईंना "तुमच्याकडे येऊन मला काडीचाही फरक पडला नाही" असं कोण सांगणार? दहाव्या आठवड्यात मी फोन करून "ऑफिसात ऑडिट आहे" म्हणालो आणि पुन्हा गेलोच नाही. त्यांनी मला मनातल्या मनात बऱ्या झालेल्यांत धरलं असेल. त्यांना दोष देता येत नाही. मी बोलणार नाही आणि त्यांच्याकडे विचारायची दुसरी सोय नाही, मग कळणार कसं?

अशी सोय आहे आणि ती बरीच जुनी आहे. दर सेशनच्या आधी पेशंटने दोन-चार मिनिटांत एक छोटा फॉर्म भरायचा. त्याचे गुण काढायचे, आधीच्या गुणांशेजारी मांडायचे आणि तो आलेख थेरपिस्ट आणि पेशंट दोघांनी मिळून बघायचा. गाडी भलत्याच रस्त्याला लागली असेल, तर ते आठव्या महिन्यात कळण्याऐवजी चौथ्या आठवड्यात कळावं, एवढाच हेतू. बी.पी.चा पेशंट आला की डॉक्टर दंडाला पट्टा बांधतो. "चेहऱ्यावरून बी.पी. बरं दिसतंय" म्हणून गोळी कमी करणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. मनाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं बरंचसं चेहऱ्यावरूनच चालत आलंय.

अनुभवी डोळ्यांनाही दिसत नाही ते

अमेरिकेत युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मायकल लॅम्बर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने २००५ मध्ये एक अभ्यास छापला. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या थेरपिस्टांना विचारलं, तुमच्या पेशंटांपैकी कोणाची अवस्था शेवटी सुरुवातीपेक्षा वाईट झालेली असेल? साधारण १०० पैकी ८ जणांचं असं होतं, हेही आधीच सांगून ठेवलं होतं. पेशंट होते ५५०. सगळ्या थेरपिस्टांनी मिळून बोट दाखवलं फक्त ३ जणांकडे. प्रत्यक्षात बिघडले ४०. आणि त्या तिघांपैकी खरा निघाला एक. पेशंटांच्या फॉर्मवरून साधी आकडेमोड करणाऱ्या पद्धतीने मात्र त्या ४० पैकी बहुतेकांना आधीच हेरलं होतं. त्या पद्धतीने काही जणांच्या बाबतीत उगाचच घंटा वाजवली, हेही खरं. पण उगाच वाजलेल्या घंटेने फार तर दहा मिनिटं जादा जातात. न वाजलेल्या घंटेची किंमत पेशंट मोजतो.

इथे एक गैरसमज नको. थेरपी चालू असताना प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोक आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातात, पण ते थेरपीमुळेच जातात असं नाही. नोकरी जाते, घरात आजारपण येतं, कोर्टाची तारीख लागते. कारण काहीही असो, समोर बसलेल्याला ते वेळेत कळायला हवं.

मग ते का कळत नाही? २०१२ मधल्या एका पाहणीत १२९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं होतं की तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता? सरासरी उत्तर आलं, १०० पैकी ८० जणांच्या वर. स्वतःला सरासरीच्या खाली ठेवणारा एकही निघाला नाही. हसू येतं, पण रिक्षावाल्यापासून सर्जनपर्यंत कोणालाही विचारा, उत्तर असंच येईल. थेरपिस्टला तर आशावादी असणं भागच असतं. हा माणूस सुधारेल असं मनापासून वाटल्याशिवाय आठवड्याला वीस जणांचं दुःख ऐकता येणार नाही. त्यातच नाराज झालेला पेशंट भांडायला परत येत नाही, तो फक्त यायचा थांबतो. बरा झालेला पेढे घेऊन येतो. ज्याला फक्त पेढेच दिसतात त्याचा अंदाज चुकणारच.

फॉर्ममध्ये असतं काय

फॉर्म अनेक आहेत. लॅम्बर्ट यांच्या प्रश्नावलीत ४५ वाक्यं आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते १८०, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. ६४ किंवा त्याहून वर असलेल्याला मदतीची गरज आहे असं धरतात. यातली उपयोगाची गोष्ट म्हणजे त्यांनी घालून दिलेला १४ गुणांचा नियम. दोन वेळच्या बेरजांमध्ये १४ किंवा जास्त फरक पडला तरच तो खरा बदल मानायचा. ७२ चे ६८ झाले तर तो त्या दिवशी झोप बरी झाल्याचा परिणाम असू शकतो, पेढे वाटायची घाई नको.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांपासून खासगी क्लिनिकपर्यंत जास्त दिसतो तो नैराश्याचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, उदास वाटलं का, झोप, भूक, थकवा वगैरे. 'अजिबात नाही'ला ०, 'जवळजवळ रोज'ला ३. बेरीज ० ते २७, आणि १० पासून पुढे लक्ष द्यायचं.

मला सगळ्यात आवडतो तो स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला, कारण त्यात प्रश्नच जवळजवळ नाहीत. कागदावर दहा-दहा सेंटिमीटरच्या चार आडव्या रेघा. पहिली स्वतःबद्दल, दुसरी घरच्या आणि जवळच्या माणसांबद्दल, तिसरी काम, शाळा, मित्रमंडळींबद्दल, चौथी एकूणच. डावं टोक म्हणजे वाईट, उजवं म्हणजे छान. आपण प्रत्येक रेघेवर जिथे वाटेल तिथे एक खूण करायची. मग शाळेच्या कंपासमधली पट्टी घेऊन डावीकडून मोजायचं आणि चारही बेरजेला घ्यायचे. ४० पैकी गुण. मोठ्या माणसांसाठी २५ च्या खाली असेल तर त्रास आहे. झालं. एका मिनिटाचं काम.

या जोडीचा दुसरा कागद सेशन संपताना द्यायचा असतो. त्यातही चार रेघा, पण प्रश्न थेरपीबद्दल. माझं ऐकून घेतलं असं वाटलं का? मला ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोलणं झालं का? यांची काम करायची पद्धत मला मानवते का? एकूण आजचं सेशन कसं वाटलं? या कागदाचा उंबरठा ४० पैकी ३६ ठेवलाय, म्हणजे ३५ गुण मिळाले तरी थेरपिस्टने कान टवकारायचे. शाळेत ३५ ला पास झालेल्या पिढीला हे विचित्र वाटेल. पण माणसं भिडेखातर उजव्या टोकालाच खूण करतात, हे बनवणाऱ्यांनी पक्कं ओळखलं होतं. समोरच्याने पाणी विचारलं, नाव लक्षात ठेवलं, की आपण ९.८ वर खूण करून मोकळे. म्हणून इथे आकड्यापेक्षा घसरण बघायची. मागच्या वेळी ९.८ आणि या वेळी ८.९ असेल, तर त्या नऊ मिलिमीटरमध्ये काहीतरी राहून गेलेलं असतं.

अंगणवाडीतला तक्ता आठवा

नुसते गुण मोजून फार काही होत नाही. १७ गुण म्हणजे चांगले की वाईट, हे एकट्या १७ वरून सांगता येत नाही. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो तो बघा. साडेसात किलो हा आकडा एकटा मुका आहे. बाळाचं वय आणि त्या वयाच्या बाकीच्या बाळांची रेघ शेजारी आली की तो बोलायला लागतो. आणि बाळ अजून हिरव्या पट्ट्यात असलं, तरी त्याची रेघ तीन महिने आडवीच चालली असेल, तर सेविकाताई घरी येऊन विचारणार, खातो ना नीट?

थेरपीतही नेमकं हेच करायचं असतं. अशी कल्पना केनेथ हॉवर्ड या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. ही उपचारपद्धत सर्वसाधारणपणे चालते का, या प्रश्नाबरोबरच, ती या पेशंटला आत्ता लागू पडते आहे का, हेही विचारायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी हजारो पेशंटांचे आलेख गोळा करून, सुरुवातीला इतका त्रास असणाऱ्याचा चौथ्या-पाचव्या सेशनला साधारण किती उतरलेला असतो, याची अपेक्षित रेघ काढली गेली. आता नवा पेशंट त्या रेघेच्या आसपास चाललाय की फारच मागे पडलाय, ते दिसतं. लॅम्बर्ट यांनी त्याला रंग दिले. पांढरा म्हणजे पेशंट सर्वसाधारण माणसांइतका ठीक आहे, आता थेरपी आटोपती घ्यायचा विचार करा. हिरवा म्हणजे चालू द्या. पिवळा म्हणजे गती कमी आहे. लाल म्हणजे हा माणूस अर्धवट सोडून जाण्याची किंवा आणखी खचण्याची शक्यता आहे.

समजा, एका बाईंचे पीएचक्यू-९ चे गुण असे आले: १७, १५, १६, १८. खोलीत त्या हसून बोलतायत, सांगितलेल्या गोष्टी वहीत लिहून आणतायत, दर वेळी "तुमच्याकडे आलं की मोकळं वाटतं" म्हणतायत. थेरपिस्टच्या नोंदीत 'सहकार्य उत्तम' असेल. आलेख मात्र सांगतोय की त्या जिथून निघाल्या तिथेच आहेत, उलट एक पाऊल मागेच.

लाल दिवा लागल्यावर

खरी मेहनत इथे सुरू होते, आणि अनेक ठिकाणी माशी इथेच शिंकते. फॉर्म भरून फाइलला लावला, की काम झालं असं वाटतं. पण वजनकाट्यावर रोज उभं राहून कोणी बारीक होत नाही.

पहिली पायरी म्हणजे कागद दोघांच्या मध्ये ठेवून बोलणं. "ताई, हे बघा, चार आठवडे झाले आणि ही रेघ खाली यायच्या ऐवजी वर चालली आहे. तुम्ही कमी पडताय असं मी म्हणत नाही. कदाचित आपण करतोय तेच तुम्हाला लागू पडत नसेल. तुम्हाला काय वाटतं?" यात नाराजी पेशंटने तोंडाने बोलायची नसते, ती कागदाने आधीच बोलून टाकलेली असते. आपल्याकडच्या माणसाला ही फार मोठी सवलत आहे. डॉक्टरला उलटून बोलायचं नाही हे संस्कार मोडायला लागत नाहीत.

दुसरी पायरी कारण शोधायची. लॅम्बर्ट यांच्या गटाने लाल दिवा लागलेल्यांसाठी ४० प्रश्नांची वेगळी यादी केली. ती चार दिशांना टॉर्च मारते: थेरपिस्टशी सूर जुळलाय का, बदल व्हावा अशी इच्छा आतून आहे का, घरीदारी आधाराला कोण आहे, आणि मधल्या काळात आयुष्यात काही घडलंय का. वरच्या बाईंच्या बाबतीत समजा चौथी दिशा उजळली. नणंद माहेरी परत आली आहे, घरात जागा नाही, सकाळी फिरायला जायचा 'गृहपाठ' करायचा कधी? मग उपचार बदलतात, सेशनची वारंवारिता बदलते, नवऱ्याला एकदा बोलावलं जातं, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं जातं, क्वचित थेरपिस्टही बदलावा लागतो.

खरंच फरक पडतो का

पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. लॅम्बर्ट यांच्या गटाच्या अभ्यासांमध्ये लाल दिवा लागलेल्या, पण ते थेरपिस्टला न सांगितलेल्या पेशंटांपैकी सुमारे २० टक्के शेवटी बिघडले. थेरपिस्टला सूचना आणि वरची ४० प्रश्नांची यादी दोन्ही दिल्यावर हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास आलं. आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र साधन बनवणाऱ्यानेच ते तपासलं आणि तेही बऱ्याच अंशी आपल्याच विद्यापीठात, हे वाचताना विसरू नये.

इतरांनी तपासल्यावर जरा जमिनीवर यावं लागतं. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ मधल्या आढाव्यात १७ अभ्यास तपासले आणि एकूणात सगळ्यांना फायदा होतो म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२१ मध्ये ५८ अभ्यास एकत्र घेतले, तेव्हा फायदा निघाला पण लहान, मानसशास्त्राच्या मापात ०.१५, जिथे ०.२ लाच 'लहान' म्हणतात. अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाणही थोडं घटलं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी सेवेत ७७ थेरपिस्ट आणि २,२३३ पेशंट घेऊन मोठी चाचणी झाली. ज्यांची गाडी रुळावरून घसरत होती, त्यांना सूचनापद्धतीचा फायदा झाला. ज्यांचं आधीच नीट चाललं होतं त्यांना फारसा काही नाही, आणि तसं होणं साहजिकच आहे. वेळेवर धावणाऱ्या गाडीला सिग्नलचा काय उपयोग?

माझ्या मते या छोट्या आकड्याकडे नाक मुरडायचं कारण नाही. एका मिनिटाचा कागद आणि एक पट्टी, एवढ्या खर्चात काही माणसं जरी वाचली तरी सौदा वाईट नाही. पण सरसकट सगळीकडे हे लावावं असंही नाही. नेदरलँड्समध्ये मानसिक आणीबाणीच्या सेवेत, म्हणजे ऐन संकटात आलेल्या पेशंटांवर, हे करून पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे, त्याला रेघेवर खूण करायला सांगून दर वेळी 'तू खाली आहेस' हे दाखवण्यात काय हशील? आणि थेरपिस्टनुसारही फरक पडतो. डच अभ्यासांत असं दिसलं की जे थेरपिस्ट या माहितीचा वापर करायचा असं मनापासून ठरवून बसले होते, त्यांच्याच मागे पडलेल्या पेशंटांना ती लाभली.

गोव्यातली गोष्ट

हे सगळं परदेशी लाड आहेत असं वाटत असेल तर शेजारच्या गोव्यात बघा. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीव्र नैराश्य असलेले ४९५ पेशंट होते. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक मात्र मानसशास्त्राची पदवी नसलेले, गावातलेच, काही आठवडे शिकवून तयार केलेले लोक. उपचार सहा ते आठ सेशनचे, साधे: मन उदास असलं तरी ठरवून आवडीची, उपयोगाची कामं पुन्हा सुरू करायची. या समुपदेशकांच्या हातात दर सेशनला तोच नऊ प्रश्नांचा फॉर्म होता. शिवाय ते एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना गुण द्यायचे, म्हणजे मोजमाप फक्त पेशंटचं नव्हतं. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. हा सगळा फरक फॉर्ममुळे पडला असं कोणी म्हणत नाही. पण मोठी पदवी नसलेल्या माणसालाही आपल्यासमोरचा पेशंट कुठे चाललाय हे बघता येतं, एवढं यातून दिसतं.

आपल्याकडच्या अडचणी

भाषा ही पहिली. 'उदास, खिन्न वा निराश वाटणे' असं छापलेलं असतं. मराठी माणूस खिन्न होत नाही. त्याचं 'मन लागत नाही', 'डोकं जड होतं', 'कशात जीव रमत नाही', 'छातीत धडधडतं'. फॉर्म वाचून दाखवणाऱ्याने हे शब्द वापरले नाहीत, तर मोठं नैराश्य असलेल्या आजी शांतपणे 'अजिबात नाही'वर बोट ठेवतात. दुसरी अडचण म्हणजे फॉर्म कोण भरतो. सासूबाई शेजारी बसल्यात आणि सुनेला विचारलं जातंय, घरच्यांशी कसं चाललंय? ती रेघ उजव्या टोकालाच जाणार. फॉर्म एकटीने, दार लावून भरायची सोय हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतोच, तो फाइलपुरता ठेवून भागत नाही.

नवव्या प्रश्नाबद्दल स्वतंत्रपणे सांगायलाच हवं. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा जगणं नको वाटण्याच्या विचारांबद्दल असतो. एकूण बेरीज कितीही कमी असो, तिथे ० सोडून काही आलं, की आधी त्यावर बोलायचं आणि मग बाकीचं. घरी फॉर्म भरताना आपलंच बोट तिथे थबकलं, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि एक भीती. एकदा आकडे गोळा व्हायला लागले की साहेबांना त्यावरून इन्क्रिमेंट ठरवायचा मोह होतो. इंग्लंडच्या सरकारी सेवेत दर सेशनला मोजमाप होतं, ५० टक्के लोक बरे व्हावेत असं लक्ष्य ठेवलं गेलं, आणि त्यातून आकड्यांच्या मागे लागण्याची तक्रारही होत आली आहे. थेरपिस्टला वाटलं की हा कागद आपलं प्रगतिपुस्तक आहे, तर तो अवघड पेशंट घेणारच नाही, किंवा "अहो, मागच्या वेळेपेक्षा बरंच म्हणायचं ना?" असं विचारत खूण उजवीकडे सरकवून घेईल. त्यापेक्षा कागद न देणं बरं.

तुम्ही सध्या कुणाकडे जात असाल आणि तिथे असं काही होत नसेल, तर स्वतःच मागा. "मॅडम, दर वेळी एखादा छोटा फॉर्म भरून आपण बघूया का कुठवर आलोय?" एवढं म्हणायला हरकत नाही. चांगल्या थेरपिस्टला याचा राग येणार नाही. आलाच, तर तीही माहितीच.

मी पुन्हा थेरपीला गेलो ते तीन वर्षांनी, दुसऱ्या एका सरांकडे. तिसऱ्या सेशनच्या शेवटी त्यांनी चार रेघांचा कागद पुढे केला. मी सवयीने भराभर उजवीकडे खुणा केल्या, फक्त 'मला ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोलणं झालं' या रेघेवर पेन जरा आधीच टेकलं. सरांनी पट्टी लावली. सात पूर्णांक चार.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बरंय," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी तशीच कागदावर ठेवली आणि गप्प बसून राहिले. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. मग मी म्हणालो, "बाबांचं राहिलं."